मंडालेचे मिशीवाले भाऊ आणि एका विनोदाची किंमत

रत्नांग्रीकर

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला मंडाले दोन बाजूंनी माहीत असतं. एक टिळकांमुळे, दुसरं थिबा राजामुळे. इंग्रजांनी १८८५ साली मंडालेच्या राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढे आमच्या गावात आणून ठेवलं. आमच्या गावात जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली आणि त्यांना सहा वर्षं मंडालेत नेऊन ठेवलं. माझा काका म्हणतो, "सायबाने फिट्टंफाट केली."

तर हा काका आणि मी जानेवारी २०१२ मध्ये ब्रह्मदेशात गेलो होतो. (आता म्यानमार म्हणायचं, पण काकाच्या तोंडी ब्रह्मदेशच.) काका तेव्हा साठीचा. तेविसाव्या वर्षी आणीबाणीत चौदा महिने आत होता, त्यामुळे कुठल्याही गावी गेला की आधी तिथला तुरुंग कुठे आहे ते विचारतो. मंडालेतही दिवसभर तेच चाललं होतं. संध्याकाळी मात्र मी त्याला ३९ नंबरच्या रस्त्यावरच्या एका घरात घेऊन गेलो. तिथे 'मुस्टॅश ब्रदर्स', म्हणजे मिशीवाले भाऊ, रोज रात्री खेळ करायचे.

खेळ म्हणजे काय, घराची पुढची खोली. दोनचार पावलांत संपेल एवढं स्टेज, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतींवर कळसूत्री बाहुल्या आणि लष्करी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या नेत्या आँग सान सू ची यांच्याबरोबर काढलेले फोटो. प्रेक्षक सगळे परदेशी, कारण देशातल्या लोकांसमोर खेळ करायला त्यांना बंदी होती. लू मॉ हा धाकटा भाऊ इंग्रजीतून बोलायचा. बोलणं धडाधड, उच्चार स्वतःचे. कळलं नाही तर पुठ्ठ्यावर लिहिलेला शब्द उचलून दाखवायचा. त्याची बायको नाचली. आणि मोठा भाऊ पा पा ले, ज्याच्यामुळे हे सगळं झालं, तो जवळजवळ काहीच बोलला नाही. नुसता नाचला. चेहऱ्यावरची एक रेघ हलवायची आणि खोली हसवायची, अशातला माणूस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ४ जानेवारी १९९६, ब्रह्मदेशाचा स्वातंत्र्यदिन. सू ची काही महिन्यांपूर्वीच नजरकैदेतून सुटलेल्या. रंगूनमध्ये त्यांच्या घराच्या आवारात या मंडळींनी खेळ केला. पा पा लेने तिथे म्हटलं की पूर्वी चोराला चोर म्हणायचे, आता सरकारी नोकर म्हणतात. बस. मंडालेला परतल्यावर तीन दिवसांत पोलीस दारात. पा पा ले आणि चुलत भाऊ लू झॉ, दोघांना सात सात वर्षं. सुरुवातीला उत्तरेला काचिन भागातल्या श्रमछावणीत, पायांत बेड्या आणि हातात खडी फोडायचा हातोडा. सुटले जुलै २००१ मध्ये. लू मॉ त्या दिवशी रंगूनला गेला नव्हता म्हणून बाहेर राहिला. आणि बाहेर राहून त्याने काय केलं, तर घरी खेळ चालू ठेवला.

सुटून आल्यावरची गोष्ट मला जास्त आवडते. पा पा लेला लष्करी अधिकाऱ्याने बोलावून बजावलं की घरीही खेळ करायचा नाही. हा घरी येतो तर पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. मग यांनी रंग लावला नाही, पोशाख घातले नाहीत आणि पाहुण्यांना सांगितलं, खेळ नाहीच. खेळ कसा असतो याचं आम्ही प्रात्यक्षिक दाखवतोय. ते खपलं.

पा पा ले २००७ मध्ये, भिक्षूंच्या आंदोलनात, पुन्हा महिनाभर आत जाऊन आला. २ ऑगस्ट २०१३ ला मूत्रपिंडाच्या आजाराने गेला.

त्याचा सगळ्यात गाजलेला विनोद मी काकाला त्या रात्री खेळाच्या आधी, शेवया खाताना सांगितला. पा पा लेचा दात दुखतो म्हणून तो थेट भारतात येतो. आपला डॉक्टर विचारतो, "अहो, तुमच्याकडे दाताचे डॉक्टर नाहीत का?" हा म्हणतो, "आहेत की. पण आमच्याकडे तोंड उघडायला बंदी आहे."

काका हसला नाही. काटा खाली ठेवून म्हणाला, "हा आम्ही आत असताना ऐकलाय. नावं वेगळी होती."

तेव्हापासून हे डोक्यात आहे. एकच विनोद इतक्या ठिकाणी फिरतो. बराकीत कुजबुजला तर कोण बोललं ते कुणालाच कळत नाही. तोच माणूस दिव्याखाली उभा राहून, आपल्या नावाने, समोर कोण बसलंय हे माहीत असून बोलतो तेव्हा मात्र ते काहीतरी वेगळंच होतं. विनोद तोच, पण जबाबदारी घेणारा तोंड दाखवतो. मला वाटतं सगळा फरक तिथे आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

सातारचा_तात्या

झकास धागा. ते ज्या प्रकारचा खेळ करतात त्याला तिकडे 'अन्येइन' म्हणतात ना? एक नाचणारी, मागे वाद्यवृंद आणि मधे मधे 'लुब्येत', म्हणजे विदूषकांची जोडगोळी. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायलाच नको. नाचीचा नाच बघायला माणसं येतात आणि घरी जाताना सोंगाड्याची वाक्यं घेऊन जातात.

आमच्या गावच्या जत्रेतलं सांगतो. गण झाला, गवळण झाली, बतावणीत सोंगाड्याने विचारलं, "पाटील, तुमच्या विहिरीला पाणी किती?" पुढच्या खुर्चीवर सरपंच. त्या वर्षी सरकारी विहीर कागदावर खणली गेली होती हे सगळ्या गावाला ठाऊक. साथीदार म्हणाला, "पाणी लई. कागद भिजला." सरपंच सगळ्यांच्या आधी हसले. न हसून सांगतात कुणाला? हसला नाही तर अंगाला लावून घेतलं असं होतं. सोंगाड्याचा डाव हाच असतो, पुढच्या खुर्चीवाल्याला हसायला लावायचं.

पण आमच्या सोंगाड्याला दुसऱ्या दिवशी फारतर बिदागी कमी मिळाली असेल. खडी फोडायला कुणी पाठवलं नाही.

---

बर्लिनची_वहिनी

काकांचं बरोबर आहे, दाताचा विनोद फार जुना आहे. नाझी काळातल्या जर्मनीत असाच चालायचा: यापुढे दात नाकातून काढणार आहेत, कारण तोंड उघडायची कुणाची छाती नाही. या विनोदांना इथे 'फ्ल्युस्टरवित्झ' म्हणतात, म्हणजे कुजबुज-विनोद. आणि फासाच्या दोरीखालच्या विनोदाला 'गाल्गेनहुमोर'. शब्द खास याच कामासाठी असावा, यातच काय ते आलं.

पण रत्नांग्रीकर, तुमची कुजबुज आणि दिवा ही विभागणी मला तितकीशी पटत नाही. युद्धाच्या काळात इथल्या एका शस्त्रास्त्र कारखान्यात आराखडे काढणाऱ्या बाईने सहकाऱ्याला एक विनोद सांगितला. हिटलर आणि त्याचा सहकारी ग्योरिंग बर्लिनच्या रेडिओ टॉवरवर उभे आहेत. हिटलर म्हणतो, बर्लिनकरांना जरा आनंद होईल असं काहीतरी करावंसं वाटतंय. ग्योरिंग म्हणतो, मग उडी मारा ना. एवढंच. नवरा लढाईत गेलेला. स्टेज नाही, दिवा नाही, कारखान्यात काम करता करता मारलेल्या गप्पा. नाझींच्या 'लोकन्यायालयाने' तिला मृत्युदंड दिला आणि तो अमलातही आणला.

आता याची दुसरी बाजू. असे विनोद त्या काळी लाखो लोक सांगत होते आणि पकडले गेलेल्यांतले बरेचसे ताकीद मिळून सुटले. नुसत्या विनोदाला सरसकट शिक्षा होत नव्हती. माणूस आधीच नकोसा असला की विनोद हे निमित्त पुरायचं. आणि हसणारे? हसून झाल्यावर कामावर गेले. वाफ निघून गेली की कुकर फुटत नाही, तसं. म्हणून इथले काही अभ्यासक या विनोदांना प्रतिकार म्हणायला तयार नसतात.

---

शंकासुर

वहिनींशी सहमत, आणि एक पाऊल पुढे जातो. मंडालेतला खेळ सरकारने चालू का दिला? एका खोलीत पन्नासेक गोरे टुरिस्ट, इंग्रजीतले विनोद, बाहेरच्या एकाही बर्मी माणसाच्या कानावर काही पडत नाही. हे तर लष्कराच्या सोयीचंच झालं. "बघा, आमच्याकडे टीका चालते." वर परकीय चलन.

त्या काळात ब्रह्मदेशात फिरायला जावं की नाही यावरच मोठा वाद होता. सू ची यांच्या पक्षाने कित्येक वर्षं पर्यटकांना सांगितलं होतं की येऊ नका, तुमचा पैसा सेनापतींच्या खिशात जातो. आणि आपण टिळक-थिबा करत गेलो, तिकीट काढून क्रांती बघितली, परत आलो.

(कडू लिहिलंय, पण नाव बघा माझं.)

---

रत्नांग्रीकर

@शंकासुर: कोकणातला शिमग्याचा संकासूर काठी घेऊनच फिरतो, त्यामुळे तक्रार नाही. :)

पैशाचं खरं आहे. आम्ही गेलो तोवर 'येऊ नका'ची भूमिका बरीच सैल झाली होती, पण हॉटेलचं बिल भरताना मनात आलंच होतं. 'सोयीचं' यावर मात्र अडतो. सोयीचं असतं तर २००७ मध्ये पा पा लेला पुन्हा उचलायची गरज काय होती? आणि ते टुरिस्ट म्हणजे नुसते टुरिस्ट नव्हते. परदेशी पाहुणा खुर्चीवर बसलाय तोवर दार फोडून आत येणं जड जातं. लू मॉला ते पक्कं ठाऊक होतं. आम्ही तिकीट काढून खेळ बघितला की खेळाचं कुंपण झालो, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

@बर्लिनची_वहिनी: ती कारखान्यातली बाई वाचून गप्प झालो. तरी म्हणतो, तिला माहीत नव्हतं. आपण आपल्या माणसाशी बोलतोय असं तिला वाटलं. पा पा ले आधी १९९० मध्ये सहा महिने आत राहून आला होता. तो चौकशी करून, किंमत विचारून बोलला.

---

जोशीकाकू_दादर

आमच्या वेळचं एक सांगते. २६ जून १९७५. दोनच दिवसांनी, २८ तारखेला, मुंबईच्या टाइम्समध्ये निधनाच्या जाहिरातींत एक छोटीशी जाहिरात आली. डी.ई.एम. ओ'क्रसी, टी. रूथ यांचे प्रिय पती, एल.आय. बर्टी यांचे वडील, फेथ, होप आणि जस्टिसिया यांचे बंधू, २६ जून रोजी निधन. मोठ्याने वाचा म्हणजे कळेल. डेमोक्रसी, ट्रूथ, लिबर्टी. सेन्सॉर बातम्या आणि अग्रलेख चाळत बसला आणि काउंटरवरच्या कारकुनाने कुणीतरी ख्रिस्ती गृहस्थ गेले असं समजून पैसे घेऊन पावती फाडली असणार. ती एका पत्रकाराने दिली होती हे पुढे बाहेर आलं.

आमच्या चाळीत पेपर एकच यायचा आणि सगळ्या मजल्यांवर फिरायचा. ही जाहिरात कुणीतरी कात्रीने कापून घेतली आणि पेपर खाली आला तेव्हा त्यात चौकोनी भोक. सासरे म्हणाले, "सेन्सॉर आपल्या जिन्यापर्यंत आला वाटतं."

विनाचौकशी डांबायच्या मिसा कायद्याचा फुलफॉर्म 'मेंटेनन्स ऑफ इंदिरा अँड संजय अ‍ॅक्ट' असा सांगायचे तेही आठवतंय. पण हळू सांगायचे हो. आवाज खाली, मान खाली. सोंगाड्याची हिंमत आमच्यात नव्हती. भोक पाडलेला पेपर तेवढा बरीच वर्षं जपला.

---

डॉ_दाढ

दाताचा विषय निघाल्यावर व्यावसायिक कर्तव्य म्हणून येणं भाग आहे.

ब्रह्मदेशातला सगळ्यात मोठा विनोदवीर खरोखरचा दंतवैद्य आहे. मूळ नाव माँग थुरा, रंगमंचावरचं नाव झर्गानार, म्हणजे चिमटा. पदवी दंतवैद्यकाची, धंदा लोकांची तोंडं उघडायचा, फक्त खुर्ची वेगळी. १९८८ च्या लोकशाहीसाठीच्या उठावात आत. सुटल्यावर १९९० मध्ये एका मैदानातल्या कार्यक्रमात तेव्हाचे लष्करशहा जनरल सॉ माँग यांची हुबेहूब नक्कल केली. पाच वर्षं. तुरुंगात लिहायला बंदी, तर खापरीच्या तुकड्याने फरशीवर कविता ओरखडायच्या, पाठ करायच्या आणि पुसायच्या.

मे २००८ मध्ये नर्गिस वादळ आलं. इरावतीच्या मुखाकडच्या प्रदेशात लाखावर माणसं गेली आणि लष्कर बाहेरची मदत आत येऊ देईना. झर्गानारने शेकडो स्वयंसेवक जमवले, तांदूळ-कपडे घेऊन बोटींनी खेड्यांत गेला आणि परदेशी रेडिओवर जे दिसलं ते सांगितलं. जूनमध्ये अटक. नोव्हेंबरमध्ये शिक्षा: ५९ वर्षं. नंतर सवलत म्हणून ३५ केली! ऑक्टोबर २०११ मध्ये सुटका.

गंमत बघा, सगळ्यात मोठी शिक्षा विनोदाबद्दल झालीच नाही, तांदूळ वाटल्याबद्दल झाली. त्यामुळे वहिनींच्या वाफेच्या कुकरचं मला जरा वेगळं दिसतं. हसवणाऱ्या माणसाचा लोकांना भरवसा वाटत होता म्हणून त्याच्या एका शब्दावर शेकडो जण बोटीत बसले. सरकारला भीती बोटींची होती.

---

सातारचा_तात्या

@डॉ_दाढ +१. ३५ची 'सवलत' हा त्या सरकारने केलेला एकमेव विनोद असावा.

---

यंगून_रिटर्न

नोकरीनिमित्त तीन वर्षं यंगूनमध्ये (म्हणजे रंगूनमध्येच) होतो, मार्च २०२१ मध्ये परत आलो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली 'तान्जाट'. एप्रिलमधल्या पाण्याच्या सणात, आपल्या रंगपंचमीसारखाच ओला, टोळ्या ढोलावर ओळी म्हणतात. एकाने टोमणा फेकायचा, बाकीच्यांनी ओरडून पुरा करायचा. आपल्याकडे शिमग्यात बोंबा मारताना गावच्या मोठ्या लोकांना जे ऐकवतात त्याचा हा सख्खा भाऊ. १९८८ नंतर लष्कराने कित्येक वर्षं यावर बंदी ठेवली होती. मी होतो तेव्हा बंदी उठलेली, सू ची यांचं सरकार, आणि तरी २०१९ च्या सणात 'मयूर पिढी' नावाच्या तरुण टोळीने गणवेशवाल्यांवर तान्जाट म्हटलं तर त्यांना उचललं आणि वर्षाची शिक्षा झाली.

दुसरी गोष्ट स्वतः पाहिलेली. १ फेब्रुवारी २०२१ ला सैन्याने सत्ता घेतली. महिनाभराने, मार्चच्या सुरुवातीला, सकाळी गॅलरीत आलो तर आमच्या गल्लीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी, आणि दोरीवर बायकांच्या लुंग्या. तिकडे त्याला 'तमेइन' म्हणतात. तिथे पक्की समजूत अशी की पुरुष बाईच्या तमेइनखालून गेला तर त्याचं तेज, पुरुषपण, जातं. ही समजूत बायकांना शतकानुशतकं जाचत आली. त्या दिवशी त्यांनी ती उलटी टांगली. शिपाई गल्लीच्या तोंडाशी थबकले. एकाने ट्रकच्या टपावर चढून काठीने एकेक तमेइन खाली ओढली, ती अंगाला लागू नये म्हणून मान वाकडी करून. तेवढ्या वेळात मागची पोरं पांगली. समोरच्या घरातली म्हातारी ते बघत दारात बसली होती. हसत नव्हती. लसूण सोलत होती.

रस्त्यावर सरसेनापतींचे फोटोही चिकटवलेले असायचे, म्हणजे पुढे जायचं तर साहेबांच्या तोंडावर पाय देऊन जा.

त्याच महिन्यात, २७ तारखेला, सैन्यदिनी, देशभरात एका दिवसात शंभरावर माणसं गोळ्यांनी मेली. मी तोवर इथे आलो होतो. दोऱ्यांमुळे गोळ्या थांबल्या असं मी म्हणणार नाही. पाच मिनिटं थांबल्या. आमच्या गल्लीत ती पाच मिनिटं पुरली.

---

शंकासुर

@यंगून_रिटर्न, हे वाचून माझी काठी खाली.

तरी एक राहतंच. २०१७ मध्ये रोहिंग्यांची गावं जळत होती तेव्हा त्या देशातलं बहुतेक सगळं हसू सैन्याच्या बाजूला उभं होतं, इंटरनेटवर त्यांची टिंगल चालली होती. आणि भिंतीवरच्या फोटोतल्या बाई २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात जाऊन त्याच सैन्याची बाजू मांडून आल्या. काळा विनोद खालून वर मारला की शूर आणि वरून खाली मारला की नुसता मार. त्या दिव्याखालच्या खोलीत कुणी यावर विनोद केला का?

---

यंगून_रिटर्न

माझ्या ऑफिसात तरी नाही केला. २०२१ नंतर मात्र दोघा सहकाऱ्यांनी मला फोनवर सांगितलं की तेव्हा गप्प बसलो याची लाज वाटते. त्यात विनोद नव्हता.

---

बर्लिनची_वहिनी

कुकरचं विधान मागे घेत नाही, पण पाच मिनिटांचं पटलं.

अवांतर: थिबा पॅलेस बघायला दिवाळीत मुलांना घेऊन रत्नागिरीला यायचंय. सोमवारी बंद असतो का?

---

रत्नांग्रीकर

@वहिनी, यायच्या आधी मला निरोप टाका, तिथे जाऊन बघून सांगतो. सुट्ट्यांचा भरवसा नाही. टिळक आळीतलं टिळकांचं जन्मस्थानही करा, रिक्षाने दहा मिनिटं.

@शंकासुर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या रात्री मी तो विचारला नाही, विचारायचं सुचलंही नाही, कारण साल २०१२ होतं आणि भिंतीवरचे फोटो आम्हाला देव्हाऱ्यासारखे वाटले होते.

काकाला कालपासूनचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. जोशीकाकूंचा भोकवाला पेपर त्याला फार आवडला. तमेइनवर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हातारीला लसूण किती लागला असेल."

काका आता त्र्याहत्तरचा. गेल्या महिन्यात दाढ ठणकायला लागली म्हणून त्याला इथल्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे पंचविशीतली पोरगी, हातमोजे चढवत म्हणाली, "आजोबा, तोंड उघडा."

काका म्हणाला, "लेखी द्या."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जुना आजार आहे. तिने एक्स-रे लिहून दिला.